बेचाळीस पेशंट, दोन सिस्टर

पत्र लिहिणाऱ्या ताई ४३ वर्षांच्या आहेत. मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात १९ वर्षं स्टाफ नर्स, सध्या फीमेल मेडिसिन वॉर्डात. राहायला डोंबिवलीला. घरी नवरा, अकरावीतली मुलगी आणि सासूबाई. त्या लिहितात:

"दोन महिन्यांपूर्वी नाईटला बेचाळीस पेशंट होते, त्यातले सहा खाली गादीवर. आम्ही दोघी, त्यातली एक नवी. पहाटे तीनला एका पेशंटची मुलगी तिसऱ्यांदा आली, सलाईन संपत आलंय म्हणून. मी ओरडले, 'तुमचीच आई आहे का इथे एकटी?' दोन दिवसांनी ती बाई गेली. माझ्या बोलण्याने गेली नाही, हे मला कळतं. पण मी सगळे पेपर पूर्ण केले, हात धुतले आणि डबा उघडून जेवले. आत काही हललंच नाही. निघताना ती मुलगी मला म्हणाली, 'सिस्टर, येते.' ते अजून कानात आहे. मी दगड झालेय का? नवरा म्हणतो, स्वेच्छानिवृत्ती घे. मध्यंतरी आम्हाला तणावमुक्तीच्या कार्यशाळेला बसवलं, तेही ऑफच्या दिवशी. दृष्टिकोन बदला, म्हणाले. महिनाभर प्राणायाम केला, फरक नाही. म्हणजे खोट माझ्यातच असणार. त्यात मोबाईलवर आलं की नाईट ड्युटीने कॅन्सर होतो. सकाळी घरी जाताना गाडीत वाटतं, डोंबिवलीला उतरूच नये, कर्जतपर्यंत तशीच जात राहावं."

प्रिय सिस्टर,

पत्राखाली तुम्ही नाव न घालता 'एक सिस्टर' एवढंच लिहिलंय, म्हणून मीही तेच म्हणते.

तुमचे प्रश्न बाजूला ठेवून मी आधी शेवटच्या वाक्याकडे येते. रात्रभर उभं राहिलेल्या बाईला सकाळच्या रिकाम्या गाडीत बसायला मिळालं की उठावंसं वाटत नाही, हे मी समजू शकते. कर्जतची ओढ ही नुसती झोपेची ओढ असू शकते. पण तुम्ही स्वतः पेशंटला जसं आडवळण न घेता विचारता, तसं मी विचारते: हे सगळं संपवून टाकावं, आपण नसलेलं बरं, असं मनात येतं का? येत असेल, एकदाही आलं असेल, तर पुढचं वाचायच्या आधी १४४१६ ला फोन लावा. टेली मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा आहे, २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, रात्रीही फोन घेतात आणि मराठीत बोलतात. आपल्या वॉर्डातल्या कुणाला कळेल ही धास्ती तिथे नाही.

तसं काही मनात येत नसेल, तरी एक तपासणी टाळू नका. तुम्ही ४३ च्या आहात. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२, साखर यातलं काहीही बिघडलं की माणूस असाच मंद आणि चिडका होतो. पाळीतले बदलही या वयात सुरू होतात. आणि गेले पंधरा दिवस जवळजवळ रोज कशातच मन लागत नसेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्याला उपचार आहे. वॉर्डातल्या बाईला "अंगावर काढू नका" असं तुम्ही दिवसातून किती वेळा सांगता? तुमच्याच आवारात लॅब आहे. या आठवड्यात रक्त द्या.

आता दगडाबद्दल.

१९७४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करणाऱ्या हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या आणि सोबतच्या स्वयंसेवकांच्या अवस्थेला 'बर्नआउट' हे नाव दिलं. जीव ओतून काम करणारीच माणसं तिथे विझत चालली होती. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी ते मोजण्याची प्रश्नावली केली, १९८१ मध्ये. आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या वर्गीकरणात त्याची व्याख्या नक्की केली. त्यात तीन खुणा आहेत. शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन लांब जाणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून नीट काही होत नाही असं वाटणं. तुमचं पत्र मी या तीन खुणा समोर ठेवून पुन्हा वाचलं. मधली खूण म्हणजेच तुमचा दगड. जे एकट्या तुमच्या स्वभावात घडलंय असं तुम्हाला वाटतं, ते जगभरच्या वॉर्डांत इतक्या जणींना झालंय की त्याला व्याख्या करावी लागली. त्या व्याख्येतला एक शब्द तर मी अधोरेखित करून ठेवावा म्हणते: संघटनेने याला व्यक्तीचा आजार म्हटलेलं नाही, 'कामाशी निगडित स्थिती' म्हटलंय. कामाच्या ठिकाणचा, बरेच दिवस न सुटलेला ताण हे त्याचं कारण.

दुसरी गोष्ट याहून जवळची वाटते. १९८४ मध्ये अँड्र्यू जेमटन यांनी परिचारिकांच्या नीतिमत्तेवर लिहिताना एका वेगळ्या दुःखाकडे बोट दाखवलं. काय करणं योग्य आहे हे माहीत असतं, पण जिथे काम करतो तिथली व्यवस्था ते करू देत नाही. त्याला त्यांनी नैतिक क्लेश म्हटलं. पहाटे तीनला त्या मुलीजवळ दोन मिनिटं उभं राहायला हवं होतं, हे तुम्हाला त्याही क्षणी माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच ओरडलात, असं मला वाटतं. जिला काही वाटतच नाही ती शांतपणे "बघते" म्हणते आणि बघत नाही.

डबा उघडून जेवलात, त्याचं एवढं मनाला लावून घेऊ नका. रात्रभर पोटात काही नव्हतं आणि पुढे सकाळची इंजेक्शनं, टीपीआर म्हणजे ताप-नाडी-श्वासाच्या नोंदी, पुढच्या पाळीला ओव्हर देणं, सगळं होतं. रडायला जागा कुठे होती? रडणं पुढे ढकललं जातं आणि मग कधीतरी भलत्याच वेळी, दोन महिन्यांनी, 'येते' या एका शब्दावर अडकून बसतं. ते आता तुमच्यासोबत आहे, याचाच अर्थ तिथे दगड नाही.

तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा तुम्ही सहज, जाता जाता लिहून टाकलाय. बेचाळीस पेशंट आणि दोघी. एका नव्या मुलीला सांभाळून घेत म्हणजे खरं तर दीड. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष काय सांगतो? वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयात सर्वसाधारण वॉर्डाला तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक. पाळ्यांचा हिशेब कसाही मांडा, बेचाळीसला दोन त्यात बसत नाही.

आणि हा निकष कुणाच्या लाडाखातर नाही. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा त्यात विचार होता. एका नर्सच्या वाट्याला एक रुग्ण जास्त आला की तीस दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि त्या नर्सला बर्नआउट होण्याची शक्यता २३ टक्क्यांनी. एक रुग्ण जास्त! तिथले वॉर्ड वेगळे, आपले वेगळे, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे उचलून इथे लावता येणार नाहीत. पण तुमचा कडवटपणा आणि रुग्णाची सुरक्षितता ही एकाच आकड्याला बांधलेली आहेत, एवढं त्यातून नक्की कळतं.

मग प्राणायामाने फरक का पडला नाही, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगते, कारण 'खोट माझ्यातच असणार' हे वाक्य मला फार लागलं. २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. तणावाशी जुळवून घ्यायचं प्रशिक्षण, ध्यानाचे वर्ग, मोबाईलवरची अ‍ॅप, यात भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या मनःस्वास्थ्यात सांगण्यासारखा फरक नव्हता. त्याआधी २०१७ मध्ये मारिया पानागिओटी यांच्या गटाने डॉक्टरांच्या बर्नआउटवरच्या उपायांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा डॉक्टरला बदलण्यापेक्षा कामाची रचना बदलल्याचा उपयोग जास्त दिसला. तुम्हाला प्राणायामाने बरं वाटत असेल तर जरूर करा. पण हक्काचा ऑफ काढून घेऊन तिथे विश्रांतीवर व्याख्यान ठेवणं हे मला पटत नाही, आणि त्या व्याख्यानाने तुम्ही बऱ्या झाला नाहीत यात तुमची काही चूक नाही.

तुमच्या पिढीतल्या कुठल्याही सिस्टरसमोर केईएममधल्या अरुणा शानबाग यांचं नाव घेतलं की आवाज बदलतो. १९७३ मध्ये हल्ला होऊन त्या अंथरुणाला खिळल्यापासून २०१५ च्या मे महिन्यात त्या जाईपर्यंत तिथल्या परिचारिकांनी आपल्या या सहकारी मैत्रिणीची जवळजवळ ४२ वर्षं सेवा केली, अंगावर एक बेडसोर होऊ दिला नाही. हे उदाहरण नेहमी त्यागाचं म्हणून सांगतात आणि मग आजची सिस्टर मनातल्या मनात स्वतःला कमी लेखते. मला त्यात एक वेगळी गोष्ट दिसते. ते एकीने केलेलं नाही. पिढ्यामागून पिढ्या, पाळ्या लावून, वाटून घेऊन केलंय. समोर एक रुग्ण होता आणि हात पुष्कळ होते. तुमच्यासमोर बेचाळीस होते.

कॅन्सरचं आता थोडक्यात, पण नीट. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' म्हणजे २-अ या गटात टाकलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं. मोबाईलवर आलेलं इथपर्यंत खरं आहे. पण हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते सांगत नाहीत. याच गटात मटणासारखं लाल मांस आहे आणि ६५ अंशांहून गरम पेयंही. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात, २००१ मध्ये, तीस वर्षं किंवा जास्त काळ फिरत्या रात्रपाळ्या केलेल्यांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचा धोका ३६ टक्क्यांनी वाढलेला आढळला. उलट २०१६ मध्ये दहा अभ्यासांतल्या १४ लाख स्त्रियांची माहिती एकत्र केली, तेव्हा वाढ दिसली नाही. शास्त्रज्ञांचंच अजून एकमत नाही. तेव्हा मोबाईलवरच्या त्या मेसेजने झोप उडवून घेऊ नका, आणि तो धुडकावूनही लावू नका. तीस वर्षांवरच्या स्त्रियांसाठी सरकारी कार्यक्रमातच तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी आहे. तुम्ही किती बायकांना तिकडे पाठवलं असेल! स्वतः कधी गेलात?

रात्रीच्या डब्याबद्दल मात्र एक कामाचं संशोधन आहे. बोस्टनमधल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये १९ निरोगी माणसांना प्रयोगशाळेत ठेवून रात्रपाळीसारखं जागवलं. काहींना रात्रीही जेवण दिलं, काहींना फक्त दिवसा. रात्री जेवणाऱ्यांची रक्तातली साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली, दिवसा जेवणाऱ्यांची लक्षणीय वाढली नाही. प्रयोग छोटा आहे, पण करून बघायला खर्च नाही. घरून निघण्यापूर्वी नीट जेवा. मध्यरात्रीनंतर भाजी-पोळीचा भरलेला डबा नको, फार भूक लागली तर मूठभर दाणे, ताक, एखादं फळ. पहाटे तीननंतर चहा बंद, नाहीतर तो घरी आल्यावर झोपेच्या आड येतो. मधुमेहाची औषधं चालू असतील तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

आता नोकरीचं. यजमान काळजीने म्हणतात, त्यात मला शंका नाही. तरी तुम्हाला, आणि पत्र वाचत असतील तर त्यांनाही, एक विचारते. नाईट करून तुम्ही सकाळी साडेनऊला घरी पोचता, असं पत्राच्या इथे न छापलेल्या भागात आहे. मग भाजी टाकता, सासूबाईंच्या गोळ्या बघता, अकराच्या पुढे आडव्या होता आणि दोनला मुलगी बेल वाजवते. तीन तास. सोडायचंच असेल तर आधी यातलं काहीतरी का सोडू नये? १९ वर्षांची नोकरी सोडा म्हणणं घरच्यांना सोपं गेलं, पण नाईटच्या दुसऱ्या दिवशीची भाजी कोण करणार, हे कुणी ठरवलेलं दिसत नाही. अकरावीतली मुलगी स्वतःची किल्ली बाळगू शकते. बेलची बटणं बंद करता येतात. खोलीला जाड पडदा, फोन बाहेर, आणि दाराबाहेर घरच्यांनी पाळायची एकच वेळ: साडेदहा ते साडेचार. लाडीगोडीने नका मागू, वॉर्डात नातेवाइकांना जशी भेटीची वेळ सांगता तशी सांगा.

स्वेच्छानिवृत्ती वाईट आहे असं मी म्हणत नाही. काही जणींनी ती घ्यायलाच हवी असते, आणि सगळं करून पाहिल्यावरही वॉर्डात पाऊल ठेवताना छाती भरून येत असेल, तर तुम्हीही घ्या, कुणाला स्पष्टीकरण देत बसू नका. पण निर्णय कधी घेता याला महत्त्व आहे. १९९७ मध्ये डॉसन आणि रीड या संशोधकांनी दाखवलं की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसासारखी घसरते. सकाळच्या कर्जत गाडीत तुम्ही त्याहून जास्त तास जाग्या असता. त्या अवस्थेत काढलेला डोस दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घेता ना? मग आयुष्याचा निर्णय त्या अवस्थेत एकट्याने नको. आधी आस्थापना विभागातून नेमकी सेवा किती मोजली जाते, पेन्शन आणि इतर रक्कम किती, हे लेखी काढून घ्या. पुढच्या वर्षी मुलगी बारावीला आहे. तिच्या फीचा आकडा त्याच कागदावर लिहा. मग पंधरा दिवस रजा टाका, आणि रजेच्या दहाव्या दिवशी, पोटभर झोपल्यावर, तो कागद उघडा.

आणि मधल्या वाटा पुष्कळ आहेत. ओपीडी, लसीकरण, नर्सिंग स्कूल, संसर्ग नियंत्रण, ब्लड बँक: १९ वर्षांच्या सिस्टरची या सगळ्या ठिकाणी गरज असते. बदलीचा अर्ज म्हणजे पळ काढणं नाही. वॉर्डातच राहायचं असेल, तर ड्युटी लिस्टबद्दल दोन मागण्या करण्यासारख्या आहेत. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकत याव्यात, उलट्या नकोत, कारण शरीराचं घड्याळ पुढे ढकलणं त्या मानाने सोपं जातं. आणि सलग नाईट कमी असाव्यात. शिवाय नाईटला दोघींनी आळीपाळीने वीस-पंचवीस मिनिटं पाठ टेकणं हे कामचुकारपण नाही, ते उघडपणे ठरवून घ्या.

एकटीने मागू नका. इन्चार्ज सिस्टरना सोबत घ्या, युनियनमधल्या कुणाला सांगा, आणि तक्रारीचा सूर न लावता आकडे द्या. महिनाभर एका छोट्या वहीत रोज तीन गोष्टी लिहायच्या: पेशंट किती, खाली गादीवर किती, सिस्टर किती. चौथ्या रकान्यात, उशिरा गेलेला डोस किंवा न घेता आलेली बीपी. पेशंटचं नाव नको. "आम्ही फार थकतो" हे मेट्रन रोज ऐकतात. तीस रात्रींचा कागद त्यांनाही वर पाठवायला उपयोगी पडतो, कारण रिकाम्या जागांसाठी त्याही भांडतच असतात.

राहता राहिली ती मुलगी. बऱ्याच वर्षांपूर्वी माझे वडील अशाच एका वॉर्डात होते. रात्री मीही सिस्टरांकडे तीनदा गेले, आणि तिसऱ्यांदा त्या माझ्यावर खेकसल्या. तेव्हा राग आला, लपवत नाही. पण पहाटे मी पाहिलं, त्या टेबलाशी उभ्या होत्या, डावा तळहात दिव्याखाली धरून. रजिस्टरपर्यंत यायला रात्रभर फुरसत नव्हती, म्हणून सगळ्या पेशंटच्या शुगर त्यांनी बॉलपेनने हातावर लिहून ठेवल्या होत्या, अंगठ्यापासून मनगटापर्यंत, आणि आता एकेक आकडा कागदावर उतरवत होत्या. मग बेसिनवर जाऊन हात घासून धुतला. त्यांचं बोलणं काय होतं ते मला आज आठवत नाही. तो तळहात आठवतो.

त्या मुलीनेही रात्रभर तुम्हाला पाहिलं होतं. आपल्याकडे परक्याला कुणी 'येते' म्हणून निघत नाही. तिला शोधून माफी मागायला जाऊ नका, तिचं दुःख तिला तिच्या घरी करू द्या. पुढची जी तिसऱ्यांदा येईल तिच्यासाठी एक वाक्य तयार ठेवा: "दोन पेशंट बघून तुमच्याकडेच येते, तोवर सलाईनच्या नळीवरचा हा रोलर असा बंद करायचा, बघा." तिच्या हाताला काम मिळतं आणि तुम्हाला पाच मिनिटं.

हे तुमच्या हातात पडेल तेव्हा नाईट चालू असतील तर आज काहीच करू नका, घरी जा, दार लावा आणि झोपा. वही उद्या आणा. अर्ज दुपारी लिहा.